तपकिरी रंगाची कैफियत

संगणकाचा पडदा दिसायला कसा असावा, हा प्रश्न संसारी माणसाच्या प्रश्नांच्या रांगेत तसा बराच मागे उभा असतो. त्याच्या पुढे नळाचं पाणी आहे, गुडघे आहेत, सोसायटीची वार्षिक सभा आहे. आणि तरीही आमच्या घरात गेली कित्येक वर्षं या प्रश्नावरून जेवढा शब्दाला शब्द वाढला आहे, तेवढा चिरंजीवांच्या लग्नातसुद्धा वाढला नव्हता. (लग्नात निदान मुलीकडची मंडळी समोर असल्यामुळे आम्ही सगळेच बरं वागत होतो.) घरात दोन पक्ष आहेत. एक उबदार पक्ष. त्याचा मी अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सभासद. दुसरा गुळगुळीत पक्ष. तो चिरंजीवांचा, आणि आता त्यात सूनबाईंचीही भर पडली आहे. आमची ही दोन्ही पक्षांना चहा करून देते आणि "डब्याला रंग कसला लावता, आत काय ते बघा" असं म्हणून अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत जाऊन बसते.

ज्यांच्या घरी हा तंटा अद्याप पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. संगणकाला 'थीम' नावाचा एक पोशाख असतो. आत गृहस्थ तोच. त्याला धोतर नेसवा, नाहीतर सूट चढवा. खिडक्यांच्या चौकटी, बटणं, मागचं चित्र, अक्षरांचं वळण हे सगळं या पोशाखात येतं. उबदार पोशाख म्हणजे मातीचे, लाकडाचे, केशरी रंग, गोलसर कोपरे, बटणाखाली जराशी सावली. गुळगुळीत पोशाख म्हणजे काच, पोलाद, बारीक रेघा आणि पुष्कळशी रिकामी जागा. शहरातल्या महागड्या दवाखान्यात गेल्यावर जसं वाटतं, तसं.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९९५ सालच्या विंडोजचा पडदा हिरवट निळा होता आणि त्यावर राखाडी खिडक्या उघडायच्या. सरकारी कचेरीतल्या लोखंडी कपाटाचा जो रंग, तोच. कपाटाच्या रंगावरून कुणी भांडत नाही. मग २००१ साली एक्सपी आलं. खाली निळा पट्टा, डाव्या कोपऱ्यात पोपटी बटण आणि मागे ती सुप्रसिद्ध हिरवीगार टेकडी. २००७ च्या व्हिस्टाने खिडक्यांना काचा बसवल्या. २०१२ च्या विंडोज आठने काचा काढल्या, सावल्या काढल्या, आणि चक्क ते 'स्टार्ट'चं बटणही काढून टाकलं. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला की २०१३ साली ते मुकाट्याने परत आणून ठेवावं लागलं. घराची डागडुजी करताना गवंड्याने पुढचं दारच बुजवावं, आणि मालकाने विचारल्यावर "आता असंच असतं" म्हणावं, तसला तो प्रकार होता.

पण माझं खरं प्रेम तपकिरीवर. त्याची हकीकत अशी. मार्क शटलवर्थ नावाचा एक दक्षिण आफ्रिकी गृहस्थ २००२ साली स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला. परतल्यावर त्याने उबुंटू नावाची संगणकप्रणाली काढली. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ ची. फुकट. नुसती फुकट नव्हे, तर मागणी केली की तबकडीसुद्धा पोस्टाने घरपोच फुकट. आमच्याकडे पोस्टमन ते पाकीट घेऊन आला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "काही भरायचं नाही ना?" उबुंटू हा आफ्रिकेतल्या बंटू भाषांतला शब्द. अर्थ माणुसकी. आपण आहोत म्हणून मी आहे, असा त्याचा भावार्थ सांगतात. पहिल्या आवृत्तीचं टोपणनाव होतं चामखिळ्या रानडुक्कर, थीमचं नाव होतं 'ह्यूमन' आणि रंग होता तपकिरी. ज्याने पृथ्वीचा निळा गोळा वरून डोळे भरून पाहिला होता, त्याने खाली आल्यावर मातीचा रंग निवडला, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

जगाला वाटलं नाही. चोखंदळांनी नाकं मुरडली. तपकिरी पाहून नाक मुरडणं मराठी माणसाने समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडे त्या रंगाचं नावच नाकातून आलेलं आहे. तपकिरीचा तो तपकिरी. मोराच्या पिसाला मोरपंखी, डाळिंबाच्या दाण्याला डाळिंबी, अबोलीला अबोली अशी साजिरी नावं वाटत वाटत भाषामाता शेवटी या रंगापाशी आली तेव्हा तिच्या हाताशी आजोबांचा रुमाल तेवढा उरला असावा. रुमाल की माणुसकी, या वादात रुमालाची सरशी झाली. साडेपाच वर्षं हा रंग कसाबसा टिकला. एप्रिल २०१० च्या आवृत्तीत उबुंटूवाल्यांनी 'ह्यूमन' उतरवून ठेवलं आणि नवा पोशाख चढवला. त्याचं सूत्र होतं 'लाइट' आणि त्यातल्या मुख्य रंगाचं त्यांनी स्वतः जाहीर केलेलं नाव होतं, वांगं. मी विनोद करत नाही. आपल्या साडीच्या दुकानात 'ताई, वांगी कलरमध्ये दाखवू का' म्हणतात तोच हा रंग. खिडकी बंद करायची बटणंही त्याच वेळी उजवीकडून डावीकडे गेली. पदर एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला तर घराण्यात जेवढी चर्चा होते, तेवढी चर्चा त्यावर जगभर झाली.

इथवर सगळा आवडीनिवडीचा मामला होता. कुणाला शेव आवडते, कुणाला चकली. पण एके दिवशी चिरंजीवांनी तो नीतिशास्त्रात नेला. म्हणाले, "बाबा, तुमची ती ऊब खोटी असते."

झालं होतं असं की २०११ साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकातल्या दिनदर्शिकेला चामड्याची बांधणी केली होती. म्हणजे चामड्याचं चित्र. वरती शिवणीचे टाके आणि पान फाडल्यावर राहतात तशा कागदाच्या चिंध्यासुद्धा. दोन वर्षांनी, २०१३ साली, ते सगळं चामडं सोलून काढण्यात आलं आणि पाटी कोरी झाली. चिरंजीवांच्या मते तो सत्याचा विजय होता. "पडद्यावर चामडं नाही, लाकूड नाही, मग दाखवायचं कशाला? जे आहे ते दाखवा!"

हा युक्तिवाद नवा नाही. जॉन रस्किन या इंग्रज पंडिताने १८४९ साली वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात हेच बजावलं होतं. लाकडाला रंग देऊन संगमरवराचा आव आणणं ही त्याच्या मते वाईट चव नव्हे, ते असत्य. रस्किन म्हटल्यावर मी जरा सावरून बसतो. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी आगगाडीत ज्याचं पुस्तक वाचलं आणि आयुष्याची दिशा बदलली, तो हाच रस्किन. त्याच्याशी वाद घालायचा तर अंगावर निदान स्वच्छ सदरा पाहिजे.

तरीपण घालतो. रस्किनसाहेबांना मी आमच्या घरी बोलावलं असतं तर बिचारे दारातूनच परत गेले असते. दारावर प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण. आत सागवानी रेघारेघांचं सनमायका लावलेलं टेबल. त्याच्यात साग औषधालाही नाही. देव्हाऱ्यात विजेवर चालणारी समई, तिची ज्योत लुकलुकत असते. आता ती समई असत्य बोलते का? बोलत असेल तर कुणाशी? देवाला ठाऊक आहे की ही बॅटरीवर आहे. हिला ठाऊक आहे, कारण सेल हीच बदलते. असत्याला निदान एक फसणारा माणूस लागतो. तो नसेल तर ते असत्य राहत नाही, रीत होते. अवेळी पाहुणा दारात उभा राहिला की आपण म्हणतो, "या या, तुमचीच आठवण काढत होतो!" आपण काढत नव्हतो. तोही ओळखून असतो. पण हे वाक्य म्हटल्याशिवाय त्याला चप्पल काढता येत नाही. माझ्या मते चामड्याचे ते टाके, तो लाकडी रंग हे एवढंच म्हणत होते. या, बसा. १९८४ साली मॅकिंटॉश नावाचा संगणक चालू केला की सुझन केअर या बाईंनी काढलेला एक हसरा चेहरा पडद्यावर यायचा. पडदा काळापांढरा, चित्र मूठभर ठिपक्यांचं. रंग नाही, लाकूड नाही, तरी ऊब होती. यंत्राला हसू येत नाही हे सांगायला त्या वेळी कुणी रस्किन लागला नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या पक्षातही सगळेच धुतल्या तांदळाचे नाहीत. २००० साली स्टीव्ह जॉब्झ यांनी ॲपलचा नवा पडदा लोकांना दाखवला. पाण्याच्या थेंबासारखी टपोरी निळी बटणं! पाहताक्षणी चाटून बघावीशी वाटली पाहिजेत, असा आमचा हेतू होता, असं ते त्या वेळी म्हणाले. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं की हात खिशाकडे जातो, हे मिठाईवाल्याला आधीपासून माहीत आहे. हल्ली तर कर्ज देणारे, जेवण आणून देणारे, दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवणारे सगळेच पडदे इतके मायाळू रंगाचे असतात की आपल्याला कुणीतरी दत्तक घेतलंय असं वाटावं. काही बिघडलं की "अरेरे!" म्हणून डोळे मिचकावणारं अस्वल दाखवतात. पैसे मात्र अस्वल परत करत नाही. तेव्हा ऊब म्हणजे आपोआप पुण्य, असं मी म्हणणार नाही. "या या" म्हणणाऱ्यांत आपले मामाही असतात आणि विमा एजंटही.

चिरंजीवांनी मात्र दुसऱ्या दिवशी जे सांगितलं त्याला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हतं. म्हणाले, "बाबा, तो तपकिरी तुम्हाला उबदार वाटतो कारण तुम्ही वाड्यात वाढलात. तुम्हाला त्यात लाकडी जिना दिसतो. मला तो रंग पाहिला की आजोबांच्या आजारपणातली खोली आठवते. पांढरं, मोकळं काही दिसलं की मला खिडकी उघडल्यासारखं वाटतं." मी काही बोललो नाही. ती खोली मलाही आठवते. म्हणजे ऊब रंगात नसतेच, ती आपल्या कुठल्यातरी जुन्या दुपारीत असते आणि दुसऱ्याच्या दुपारी निराळ्या असतात. असं असेल तर सगळा वाद शेव-चकलीवर परत येतो, आणि मग आमच्या हिचंच खरं.

पण शेजारच्या नानांमुळे मला हे पुरतं पटत नाही. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धरणाच्या नकाशावर बोट ठेवून कुठला दरवाजा किती उघडायचा ते सांगणारा माणूस. एक्सपीवर ते स्वतः शिकले. बटण फुगलेलं दिसायचं, दाबलं की आत जायचं. नानांना तेवढं पुरेसं होतं. परवा एका संस्थेचा कसलासा वार्षिक अर्ज भरायला बसले. ती संस्था कुठली ते जाऊ द्या. तिच्या पडद्याला नुकताच गुळगुळीत पोशाख चढवलेला होता. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर फिकट राखाडी अक्षरांत एक शब्द होता, 'पुढे'. भोवती चौकट नाही, खाली सावली नाही. तो शब्द म्हणजे मथळा, सूचना की बटण, हे कळायला काही मार्ग नव्हता. अर्धा तास नाना त्या कोऱ्या पडद्यापुढे बसले. मग मला हाक मारली. "जरा येता का? हे दार आहे की भिंत, तेवढं सांगा."

मी त्या शब्दावर दाबलं. पुढचं पान उघडलं. नाना हसले नाहीत. "डोकं चालेनासं झालंय माझं," म्हणाले.

आता इथे मला राग येतो, आणि विनोदी लेखाच्या प्रकृतीला तो मानवत नाही हे माहीत असूनही येतो. नानांचं डोकं शाबूत आहे. १९९५ च्या त्या कपाटी राखाडी बटणाला वरून आणि डावीकडून उजेडाची पांढरी रेघ असे आणि खालून, उजवीकडून काळी. एवढ्या दोन रेघांनी डोळ्याला कळायचं की हे वर आलेलं आहे, इथे दाबता येईल. ती रेघ म्हणजे नटवेपणा नव्हता. जिन्याच्या पायरीला पितळी पट्टी असते तशी ती होती. ज्यांना तो जिना पाठ आहे त्यांना पट्टी जुनाट वाटते. ती उपटून काढली की जिना सुंदर दिसतो आणि म्हातारी माणसं पडतात. वर पडलेल्या माणसाला वाटतं की आपलेच पाय गेले. चिरंजीव म्हणतात जे आहे ते दाखवा. बरोबर आहे. मग इथे दार आहे, तर दार दाखवा. दार असून भिंत दाखवणं हे चामड्याच्या टाक्यांपेक्षा लहान असत्य कसं काय? यात तर फसणारा माणूस शेजारच्या फ्लॅटमध्ये बसलेला आहे.

(सूनबाई याच कामातल्या आहेत. नानांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी वही काढून काहीतरी टिपून घेतलं. पक्षांतराच्या दिशेने हे पहिलं पाऊल समजायला हरकत नाही.)

जे आहे ते दाखवा, यावरून आणखी एक आठवलं. पडद्यावर खरोखरीचं काय असतं? तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके. बाकी काच, पोलाद, कागद, कोरी पाटी हेसुद्धा सोंगच. २०२५ च्या जूनमध्ये ॲपलने पुन्हा काचेचा पोशाख जाहीर केला, तो तर वितळलेल्या काचेचा. म्हणजे चामड्याचं सोंग निषिद्ध आणि काचेचं पवित्र, एवढाच फरक. आणि माझ्या तपकिरीची गंमत अशी की ती पडद्यावर नसतेच. इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा कधी पाहिलाय? नाही, कारण तपकिरी म्हणजे मंद केलेला नारिंगी. अंधाऱ्या खोलीत तो मंद ठिपका एकटा ठेवा, डोळ्याला नारिंगीच दिसेल. त्याच्या शेजारी त्याहून उजळ काहीतरी आणा, की झाला तपकिरी. शेजार असेल तरच जो रंग अस्तित्वात येतो, तो रंग 'आपण आहोत म्हणून मी आहे' म्हणणाऱ्यांनी निवडला होता. हे त्यांनी जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही. पण आजोबांच्या रुमालाबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून फार चांगलं झालं आहे. २०२२ च्या उबुंटूत आपल्या पसंतीचा रंग निवडायला दहा टिकल्या दिल्या आहेत. त्यात एका टिकलीचं नाव झाडाची साल असं आहे. मी काय निवडलं ते सांगायला नको.

सत्यासत्याचा विषय निघालाच आहे तर त्या एक्सपीच्या टेकडीचं सांगायचं राहिलं. निळं आभाळ, कापसाचे ढग, मखमलीसारखी हिरवळ. ते चित्र संगणकावरच बनवलं असणार, असं पुष्कळांना वाटायचं. मुळात तो साधा कॅमेऱ्याने काढलेला फोटो. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याने जाताना काढलेला. खोट्या चामड्याला लोक खरं मानून घेत होते आणि खऱ्या गवताला खोटं. त्यातून ती हिरवळही मुळची नव्हे. तिथे द्राक्षाचा मळा होता. त्या भागात वेलींच्या मुळांना फिलॉक्सेरा नावाची कीड लागली आणि वेली उपटून टाकाव्या लागल्या. मोकळ्या जमिनीवर गवत उगवलं. पुढे तिथे पुन्हा द्राक्षं लागली.

निफाडचे आमचे साडू द्राक्षवाले. आमच्या अडगळीतल्या जुन्या एक्सपीवर ती टेकडी पाहून ते एकदा थबकले होते. "इतकी चांगली उताराची जमीन, आणि नुसतं गवत?" मी फिलॉक्सेराची हकीकत सांगितली. त्यांनी लगेच विचारलं, "खुंट कुठला होता?" हा प्रश्न मला कुठल्याही कलासमीक्षकाने आजवर विचारला नव्हता. मी नंतर शोधून काढलं. त्या मुलुखात एएक्सआर-१ नावाचा खुंट सगळीकडे लावला होता आणि तो किडीपुढे टिकला नाही. साडूंना फोन करून कळवलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

"वाटलंच," मग ते म्हणाले. "आणि ही माणसं रोज सकाळी ते बघून कामाला लागायची?"